एवढी कला हातात आहे, मग नोकरी कशाला करतेस?

समुपदेशनाच्या कामात गेली काही वर्षं एक काळजी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते आहे. कुणी फोटो काढतं, कुणी वाद्य वाजवतं, कुणी शिवणकाम करतं, कुणी मातीची भांडी घडवतं. हात खरोखर बसलेला असतो, आजूबाजूचे वाखाणत असतात आणि मनात एकच घोळत असतं: नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं का?

ही माणसं बिनविचारी नसतात. उलट विचार करकरून दमलेली असतात. फायदे-तोट्यांचे कागद भरून झालेले असतात, बचत किती महिने पुरेल ते काढलेलं असतं, घरात चार वेळा बोलणंही झालेलं असतं. तरी गाडं हलत नाही. कितीतरी जणांचं असं ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. तेच गणित दहा वेळा सोडवूनही जीव शांत होत नसेल, तर अडलेलं गणितात नसतं. ते दुसरीकडेच कुठेतरी असतं आणि आधी ते शोधावं लागतं.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, एका कंपनीच्या हिशेब विभागात वरिष्ठ जागेवर. छंद सुतारकामाचा. आधी घरातली एक डगमगती खुर्ची दुरुस्त केली, मग एका जुन्याजाणत्या सुताराकडे सुटीच्या दिवशी शिकायला जाऊ लागल्या आणि बघता बघता रंधा, पटाशी, गुण्या हे सगळं हाताच्या सवयीचं झालं.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक लहानशी लाकडी पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. "झाकण उचला आणि परत ठेवा," म्हणाल्या. मी झाकण कडांवर टेकवलं आणि बोटं काढून घेतली. ते पडलं नाही. आतली हवा फटीतून जसजशी बाहेर गेली तसतसं ते सावकाश, जराही तिरकं न होता, खाली उतरत गेलं आणि जागेवर बसलं. चारही बाजूंची फट केसाएवढी आणि अगदी सारखी. असं काम नशिबानं होत नाही, हे सुतारकामातलं काही न कळणाऱ्या मलाही कळलं.

"हे मी केलंय," त्या म्हणाल्या. "आणि दिवसभर मी दुसऱ्यांची बिलं तपासते."

"लोक काय म्हणतात ही पेटी बघून?"

"सगळ्यांचं एकच. एवढी कला हातात आहे, मग नोकरी कशाला करतेस?"

"आणि तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"भित्री म्हणते."

त्या दिवशी आम्ही नोकरीबद्दल फारसं बोललोच नाही. त्या एका शब्दाभोवतीच बसलो. लोक कौतुक करत होते आणि यांच्या कानात ते समन्स होऊन पोचत होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जो विवेकनिष्ठ मानसोपचार मांडायला सुरुवात केली, त्याच्या संस्कारात मी हे काम शिकले. त्यांचं सांगणं मला आजही रोज उपयोगी पडतं: परिस्थितीपेक्षा, परिस्थितीकडून आणि स्वतःकडून आपण जो हट्ट धरतो, तो आपल्याला जास्त छळतो. या बाईंचा हट्ट त्यांच्याच तोंडून हळूहळू बाहेर आला. हातात खरी कला असेल तर तिच्यावर पोट भरायलाच हवं. नाही भरलं तर एक तर मी भेकड, नाही तर माझी कला खोटी. प्रश्नाची मांडणी अशी झाली की सुटायला जागाच राहत नाही. नोकरी धरून ठेवली तर रोज अपराध्यासारखं वाटणार आणि सोडली तर प्रत्येक ऑर्डर म्हणजे स्वतःच्या किमतीचा निकाल.

"पण अर्धवट केलं की ते हौशीच राहतं ना?" पुढच्या एका भेटीत त्यांनी विचारलं.

मी त्यांना अलेक्झांडर बोरोदिन यांच्याबद्दल सांगितलं. एकोणिसाव्या शतकातले मोठे रशियन संगीतकार, आणि पेशानं रसायनशास्त्राचे प्राध्यापक. संगीतरचना बहुतेक सुटीत किंवा आजारपणात घरी असताना. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ज विम्याच्या धंद्यात होते, १९३० साली त्यातून निवृत्त झाले आणि १९४७ साली त्यांना संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. उलट उदाहरणही सांगितलं. संगीतकार फिलिप ग्लास चाळिशीपर्यंत नळकाम करत, टॅक्सी चालवत, आणि संगीतावर भागतंय असं दिसल्यावरच त्यांनी ते सोडलं. यातलं कुठलंच उदाहरण त्यांनी गिरवावं म्हणून मी दिलं नव्हतं. पोट कशावर भरतं आणि काम किती अस्सल आहे, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, एवढंच त्यांना दिसायला हवं होतं. त्या गप्प झाल्या, पण पटलं होतं. त्यानंतर 'भित्री' हा शब्द हळूहळू मागे पडला.

मग हिशेब. एका ओळखीच्या कार्यालयाकडून त्यांना चाळीस एकसारख्या पेट्यांची ऑर्डर मिळाली होती आणि ती त्यांनी पुरी केली होती. मी म्हटलं, "तुम्ही हिशेबातल्या. या ऑर्डरचा तासांचा हिशेब मांडून आणा." पुढच्या वेळी कागद आला. लाकूड मापून कापणं, सांधे करणं, पॉलिश पेपरनं घासणं, पॉलिशचे हात देणं, मधे वाळू देणं, फोन, नमुना दाखवायला जाणं, खोकी बांधणं, उरलेल्या पैशांसाठी पुन्हा फोन. पटाशी हातात होती ते तास एकूण वेळाच्या चौथ्या हिश्श्याइतकेही नव्हते. आणि किंमत लावताना त्यांनी लाकूड, बिजागऱ्या आणि पॉलिश धरलं होतं, स्वतःचे तास धरलेच नव्हते.

"ऑफिसात कुणी असा हिशेब आणला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता," त्या म्हणाल्या.

मला मात्र त्या कागदापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटत होती. मी विचारलं, "समजा धंदा उत्तम चालला. ऑर्डरी भरपूर, पैसा वेळेवर. आणि तीन वर्षांनी तुम्हाला लाकडाचाच कंटाळा आला. मग?"

"तसं होणारच नाही."

"समजा झालं."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही घाई केली नाही. अशा शांततेत मधे बोलायचं नाही, हे मी या कामात सगळ्यात आधी शिकले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग माझ्याकडे काय उरेल?"

आणि रडल्या. पहिल्यांदाच.

गाठ इथे होती. इतके महिने आम्ही दोघी पैशाच्या भीतीबद्दल, अपयशाच्या भीतीबद्दल बोलत होतो. त्यांना खरी धास्ती यशाची होती. दिवसभर त्यांच्या कामावर कुणाची ना कुणाची नजर असे: वरिष्ठांची, लेखापरीक्षकांची, घरच्यांची. सुतारकामाच्या ओट्याशी उभं राहिल्यावर कुणाचीच नसे. चुकलेला सांधा फेकून द्यायचा, कुणाला सांगायचं नाही. ही एकच जागा त्यांची स्वतःची होती, आणि तीच भाड्यानं द्यायची का, असं त्या स्वतःला विचारत होत्या. मन तयार होत नव्हतं, कारण मनाला ते बरोबर कळलं होतं. त्याला त्या भित्रेपणा म्हणत होत्या. मी म्हटलं, "हा शहाणपणा आहे. फक्त त्याचं नाव चुकीचं पडलंय."

ही धास्ती काल्पनिक नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना त्यांनी घेतलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता नंतर बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षिसाचं आमिष नसताना, पहिल्या गटातली मुलं चित्रांवर इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवत होती. पण अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि लोक तोच विसरतात. पैसा शिवला की छंद बाटतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. 'हे मी कशासाठी करतोय' याचं उत्तर बदललं की आवडीला धक्का लागतो. पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनीही यावर पुष्कळ काम केलं. आपल्या कामाची सूत्रं आपल्या हातात आहेत असं वाटत राहिलं, तर मोबदला मिळूनही गोडी टिकू शकते.

त्या बाईंनी मग जे केलं ते मला आजही फार सुंदर वाटतं, आणि ते त्यांचं त्यांनाच सुचलं. त्यांनी कामाचे दोन भाग केले. जुन्या खुर्च्या-टेबलांची दुरुस्ती पैसे घेऊन करायची, स्वतःचे तास धरून, आणि सांगितलेल्या तारखेला द्यायची. पेट्या मात्र विकायच्या नाहीत, कुणी कितीही मागितल्या तरी. दुरुस्तीचं काम त्यांनी नोकरी सांभाळून साधारण वर्षभर केलं आणि मग कंपनीशी बोलून आठवड्यातले दिवस कमी करून घेतले. नोकरी पूर्ण सोडायचा विचार सध्या नाही. पुढे कदाचित असेल. आता तो प्रश्न त्यांना रात्री उठवत नाही.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास फोटो काढणारा एक तरुण माझ्याकडे येत होता. त्यानं नोकरी सोडली आणि बरोबर केलं. त्याच्याकडे तासांचा हिशेब मागितला तेव्हा त्यालाही दिसलं की कॅमेरा हातात असलेला वेळ थोडाच आहे. पण उरलेला वेळही त्याला आवडत होता. अनोळखी माणसांशी बोलणं, त्यांना काय हवंय ते काढून घेणं, भाव ठरवणं, यात तो खुलायचा. कलेवर उपजीविका करायची तर कलेच्या सभोवतीचा धंदाही करावा लागतो आणि तो धंदा आपल्याला मानवतो का, याचं उत्तर आपली कला किती चांगली आहे यात सापडत नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधी ते कंटाळवाणे तास जगून बघायला सांगते. एकदा नाही, काही महिने. एकच वस्तू तिसाव्यांदा करून बघा. ज्याला तुमचं नावही माहीत नाही अशा माणसाकडून पूर्ण किंमत मागून बघा. बिनपैशाचं कौतुक करणारे आणि पैसे मोजून दोष दाखवणारे, या दोघांना ऐकणं वेगवेगळं असतं.

नोकरी ठेवून सुरुवात करणं म्हणजे मनापासून न करणं, हा समज तर सोडूनच द्यावा. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतल्या नोंदींवरून दाखवलं की आधी नोकरी सांभाळून मग पूर्ण वेळ धंद्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, एकदम उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी होता. यात मला तरी नवल वाटत नाही. त्या काळात माणूस शिकतो, आणि ज्याला ते मानवत नाही तो फारसं नुकसान न होता मागे फिरतो. मागे फिरणं हाही निर्णयच आहे.

घरच्यांशी बोलताना "मला हे करू द्या" असं मोघम मागू नये. किती महिने, बचतीतली किती रक्कम, आणि काय झालं तर थांबायचं, हे तिन्ही आकडे आधी लिहून पुढे ठेवावेत. विरोध करणाऱ्या जोडीदाराला बहुधा कलेचं वावडं नसतं. शेवट न दिसणाऱ्या खर्चाची त्याला भीती असते आणि ती रास्त आहे. डोक्यावर कर्ज असेल, कुणी आजारी अवलंबून असेल, तर हे आकडे लहान असतील. लहान असले तरी ते असू द्यावेत.

आणि एक फरक फार काळजीनं तपासायला हवा. काहींना कलेकडे जायचं नसतं, फक्त नोकरीतून सुटायचं असतं. माझा प्रश्न सोपा असतो: "उद्या तुमची बदली चांगल्या माणसाच्या हाताखाली झाली, कामाचा बोजा निम्मा झाला, तरी सोडाल?" पुष्कळ जण यावर थबकतात. त्यांच्याबरोबर मी आधी नोकरीचाच प्रश्न घेते. वरिष्ठांशी बोलायचं, दुसरीकडे अर्ज करायचे, रजा घेऊन झोप पुरी करायची. महिनोन्महिने नीट झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, आवडीच्या कामाकडेही हात जात नसेल, तर अशा वेळी राजीनामा लिहू नये. आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं, आणि कलेचा निर्णय बरं वाटू लागल्यावर घ्यावा.