माडीवर आणल्यापासून डिशवॉशर पाणी घेत नाही, काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की शहापुरात तळमजल्यावरून माडीवर आलात, टाकी स्वयंपाकघराच्या बरोबर वर गच्चीच्या स्लॅबवर आहे, आणि मशीन थोडा वेळ गुणगुणून नळाचं चिन्ह दाखवत थांबतं. मेकॅनिकला बोलावण्याआधी पाण्याचा दाब बघा. आपल्याकडच्या घरांत पहिला संशय तिथेच घ्यावा लागतो.

पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. स्लॅबवरच्या टाकीचा तळ मशीनच्या जोडणीपासून जेमतेम अडीच-तीन मीटर वर असतो, म्हणजे दाब ०.२५ ते ०.३ बार. बऱ्याच डिशवॉशरना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत सापडेल. तळमजल्यावर याच टाकीला आणखी तीन मीटर उंची मिळत होती, म्हणून तिथे तक्रार नव्हती. टाकी काठोकाठ भरलेली असताना मशीन चालतं आणि निम्मी झाली की अडतं, असं होत असेल तर शंकाच नको.

दाब कमी असला की पाणी नुसतं हळू येतं असं नाही, मशीनमध्ये पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह धड उघडतच नाही. त्याची विजेवर चालणारी कॉइल फक्त एक बारीक छिद्र उघडते; मोठा रबरी पडदा उचलायचं काम पाण्याचा दाबच करतो. म्हणून गुणगुण ऐकू येते आणि पाणी येत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलून पैसे घालवू नका.

आता मोजणी. प्लग काढा, कॉक बंद करा, मशीनची नळी कॉकवरून सोडवा. खाली बादली धरून कॉक पूर्ण उघडा. मिनिटाला १० लिटरच्या आसपास पाणी पडायला हवं. १० लिटरची बादली भरायला दोन-तीन मिनिटं लागली तर कॉक किंवा पाइप चोंदलाय, नाहीतर एकाच अर्ध्या इंची पाइपवर न्हाणी, बेसिन आणि स्वयंपाकघर सगळं जोडलंय.

नळी सुटलीच आहे तर तिच्या तोंडातली जाळी पक्कडीने अलगद ओढून काढा. पावसाळ्यात लाल गाळ टाकीत उतरतो आणि टाकी धुतल्यावर तर हमखास जाळीत येऊन बसतो. जुन्या टूथब्रशने घासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवा. जाळी फेकून देऊ नका. तिच्याविना गाळ व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि मग पाणी बंदच होत नाही. परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना बघा आणि नट हातानेच आवळा.

नळीच्या टोकाला प्लास्टिकचा मोठा डबा असेल तर त्यात गळती रोखणारा व्हॉल्व्ह असतो. वायर असलेली नळी कापू नका, डबा पाण्यात बुडवू नका. काही नळ्यांना छोटी खिडकी असते. ती लाल झाली असेल तर नळी आतून फुटली आहे, नवीनच घ्यावी लागेल.

मशीन पाणी घेत नाही आणि ड्रेनचा पंप मात्र थांबतच नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. मशीनच्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचून त्यातला फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा, वर उचललाय आणि मशीनने मुद्दाम पाणी अडवलंय. बॉशमध्ये तेव्हा ई-१५ दिसतं. पाणीच कमी पडलं तर ई-१८. प्लग काढून, दोघांनी धरून मशीन मागे कलवा आणि ट्रे रिकामा करा. मग गळती शोधा. घासायचं साधं लिक्विड आत घातल्याने फेस बाहेर येऊन ट्रेत उतरणं हे एक नेहमीचं कारण. काही मशीनमध्ये आतल्या कोपऱ्यात टोपीसारखा फ्लोट असतो. त्याखाली भाताची शितं अडकलेली नाहीत ना, तेही बघा.

ड्रेनची नळी मोरीच्या जाळीत जमिनीवर सोडली असेल तर आलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं आणि मशीनला वाटतं पाणी आलंच नाही. नळीचा एक वळसा जमिनीपासून किमान ४० सेंमी उंच बांधा.

दाबच कमी निघाला तर टाकी दोन-तीन मीटर उंच लोखंडी स्टँडवर चढवणं उत्तम, पण घर भाड्याचं असेल तर मालकांना विचारावं लागेल आणि भरलेल्या टाकीचं वजन स्लॅब पेलेल का हेही बघावं लागेल. १,००० लिटर म्हणजे पाण्याचंच १ टन. सोपा मार्ग म्हणजे टाकीतून स्वयंपाकघरासाठी पाऊण इंची वेगळा पाइप आणि त्यावर लहान प्रेशर पंप, पाणी वाहू लागताच सुरू होणारा. १ ते १.५ बार पुष्कळ झाला. पंप याच पाइपवर ठेवा, म्हणजे जुन्या गीझरवर आणि न्हाणीच्या सांध्यांवर ताण येणार नाही. मात्र पाणी वाहू लागताच पंप सुरू करणाऱ्या फ्लो-स्विचला चालू व्हायला स्वतःचा थोडा प्रवाह लागतो. इतक्या कमी उंचीवर तो जागा होतो का, हे दुकानदाराला उंची सांगून विचारा. आणि पालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका. शेजारच्यांचं पाणी तुटतं, शिवाय ते नियमातही बसत नाही.

बादली भरपूर भरते, जाळी स्वच्छ, ट्रे कोरडा आणि तरीही गुणगुण अजिबात नाही, तर मेकॅनिकला बोलवा. व्हॉल्व्हच्या २३० व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण २ ते ५ हजार ओहम भरतो. मीटरवर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. ती ठीक निघाली तर दाराचा स्विच आधी आणि बोर्ड सगळ्यात शेवटी तपासायला सांगा.