मी गिटार वाजवत गातो. तीस-चाळीस लोकांसमोर वाजवायला बॅटरीवर चालणारा छोटा अकूस्टिक अ‍ॅम्प पुरेल का, घरातला इलेक्ट्रिकचा अ‍ॅम्प वापरू, की एकदाच मोठा घेऊन टाकू?

‘एकदाच मोठा घेऊन टाकू’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझ्या दादाने मला ऐकवलं होतं आणि त्यापायी मी चार वर्षं अठरा किलोचं धूड जिन्यांवरून वागवलं. म्हणून आधी उत्तर देऊन टाकते: छोटाच घ्या. तीस-चाळीस श्रोते, एक गिटार, एक गळा, एवढ्याला मुळात अकूस्टिकसाठी बनवलेला 20-30 वॅटचा अ‍ॅम्प पुरतो. घरातल्या इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पमधून आवाज येईल, पण तो तुमच्या गिटारचा नसेल.

माझा पहिला अ‍ॅम्प तसलाच होता. दादा गायचा, मी वाजवायचे. तो माझ्या आधीपासून कार्यक्रम करत होता, त्यामुळे खरेदीत त्याचाच शब्द. "वॅट बघ, वॅट. पुढेमागे इलेक्ट्रिक घेतलीस तर तिलाही होईल. सारखं सारखं कोण घेत बसणार?" मला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं, विषय तिथेच संपला. बारा इंची स्पीकर, शंभर वॅट, वर एकच हँडल.

पहिला कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता आणि लिफ्ट बंद होती. दादाकडे माइक, स्टँड आणि वायरींची पिशवी, अ‍ॅम्प माझ्याकडे. उजव्या हाताने धरला, मग डाव्या, मग परत उजव्या. वर पोचले तेव्हा डाव्या हाताच्या चारही बोटांवर हँडलचा लाल वळ उठला होता. दहा मिनिटांनी याच बोटांनी बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचे कॉर्ड, धरायचे होते. पहिल्याच गाण्यात एफ धरताना पहिलं बोट थरथरायला लागलं, बारीक दोन तारा नीट दाबल्याच जाईनात, त्यांच्यातून नुसता मेलेला टकटक आवाज. ते मी कसंबसं निभावलं.

दुसऱ्या गाण्यात घूम सुरू झाली. मोकळी ए तार छेडली की ती थांबायचीच नाही, वाढत वाढत जायची. गिटार पोटाशी धरलेली, त्यामुळे तो घुमारा मला आधी बरगड्यांत जाणवायचा, मग कानाला. तळहाताने तारा दाबल्या की थांबायचा, हात उचलला की पुन्हा. दादा कडव्याच्या मध्येच मागे वळला आणि माइक तोंडासमोर तसाच असताना म्हणाला, "हात हलका ठेव गं." समोरच्या पस्तीस माणसांनी ते ऐकलं.

मी खरंच हात हलका ठेवला. पुढची चार वर्षं. पिक सोडून बोटांनी वाजवायला लागले, ए तारेवरचे ठोके गाळायला लागले, ज्या गाण्यांत मोकळा ए कॉर्ड सारखा येतो ती गाणी टाळायला लागले. घूम तरीही यायचीच. आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर तेच ऐकायचं, "तुझा हात जड आहे." घरात ती माझी ओळखच होऊन बसली. पाहुण्यांना सांगायचे, वाजवते छान, फक्त हात जरा जड आहे.

हात जड नव्हता. गिटारची पेटी म्हणजे एक पोकळी आणि तिला पुढे एक भोक. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात घुमते, तशीच ही पेटीही घुमते. ड्रेडनॉटसारख्या मोठ्या अंगाच्या गिटारमध्ये हा सूर साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो. मोकळी ए तार असते 110 हर्ट्झवर, म्हणजे अगदी शेजारीच. अ‍ॅम्पमधून तो सूर मोठा होऊन येतो, पेटी हलवतो, पेटी तारांना आणि पिकअपला, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागाला, हलवते, पिकअप तोच सूर पुन्हा अ‍ॅम्पला देतो. हे चक्र फिरत राहणार की विझणार हे अ‍ॅम्पचं व्हॉल्यूम, त्याची जागा आणि तुमचं त्यापासूनचं अंतर ठरवतं. हाताने फक्त सुरुवात होते, मग हात कितीही हलका असो. आणि हलकं वाजवलं की आवाज कमी पडतो, मग आपण व्हॉल्यूम चढवतो आणि चक्राला आणखी जोर मिळतो. म्हणजे दादाचा सल्ला ऐकून चार वर्षं मी ती घूम वाढवत होते.

हे कळलं ते एका मैत्रिणीच्या छोट्या अ‍ॅम्पमुळे. जेमतेम पाच किलोचा, पट्टा लावून खांद्याला अडकवता येणारा. त्यावर ‘नॉच’ लिहिलेली एक छोटी खुंटी होती. मी मुद्दाम व्हॉल्यूम वाढवून ए तार छेडली, घूम आली. खुंटी डावीकडून हळूहळू फिरवत आणली आणि एका जागी घूम अशी थांबली, जणू शेजारच्या खोलीचं दार कुणी लोटलं. बाकीचा आवाज तसाच. मी जोरजोरात वाजवून पाहिलं, चार वर्षांत वाजवलं नव्हतं तितक्या जोरात. घूम नाही. मी गिटार बाजूला ठेवली आणि रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

तेव्हा अ‍ॅम्प निवडताना पहिली गोष्ट ही बघा: गिटारच्या चॅनेलवर नॉच किंवा अँटी-फीडबॅक (या घूमलाच फीडबॅक म्हणतात), आणि फेजचं बटण आहे का. नॉच त्रास देणाऱ्या सुराची बारीकशी फोड काढून टाकतो. फेज आवाजाची लहर उलटी करतो, त्यामुळे अ‍ॅम्पचा धक्का आणि पेटीचं हलणं एकमेकांना साथ देण्याऐवजी विरोध करू शकतात. कधी फरक पडतो, कधी नाही, पण दाबून बघायला एक सेकंद लागतो. फिशमनच्या लाउडबॉक्स मिनीवर फेजचं बटण आहे. काही गिटारच्या स्वतःच्या प्रीअ‍ॅम्पवरही, म्हणजे पिकअपचा आवाज अ‍ॅम्पकडे जाण्याआधी वाढवणाऱ्या आतल्या सर्किटवरही, ही सोय असते. तुमच्या गिटारवर असेल तर अ‍ॅम्पवर नसली तरी चालेल.

आता वॅट. दादासारखी रेटून बोलणारी माणसं तुम्हालाही भेटतील, म्हणून आकडे सांगते. 15 चे 30 वॅट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासा फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत. शिवाय स्पीकर स्पीकरमध्ये फरक असतो. एक जण 1 वॅटमध्ये 1 मीटरवर 90 डेसिबल देतो, दुसरा 96. दुसऱ्याचे 15 वॅट पहिल्याच्या 60 वॅटच्या बरोबरीला येतात. डब्यावर लिहिलेल्या वॅटवरून भांडणाऱ्यांना हा आकडा विचारा. रोलँडचा क्यूब स्ट्रीट अवघ्या 5 वॅटचा आहे, सहा एए सेलवर चालतो आणि रस्त्यावर गाणाऱ्यांसाठीच बनवलेला आहे.

बॅटरीच्या बाबतीत एक खाच आहे. जाहिरातीतले वॅट पुष्कळदा अडॅप्टरवरचे असतात. रोलँडचाच एसी-33 अडॅप्टरवर 30 वॅट देतो, आठ एए सेलवर 20. यात फसवणूक काही नाही, पण तुम्ही बॅटरीवर वाजवणार असाल तर तुमच्यासाठी खरा आकडा 20 चा. आतली लिथियम बॅटरी असेल तर ती बदलता येते का हे विचारून घ्या, बाकी अ‍ॅम्प ठणठणीत असताना आधी तीच म्हातारी होते. सर्वांत जास्त बॅटरी खर्ज खातो. बेस थोडा उतरवलात तर बॅटरीही जास्त चालते आणि घूमही कमी होते.

इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पला मी नाही का म्हणते? इलेक्ट्रिक गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरच्या सुरांत उतरू लागतो. तिथे ते हवंच असतं, नाहीतर विकृत केलेला आवाज कानात टोचेल. अकूस्टिकची चकाकी, तारेवर पिक घासल्याचा बारीक आवाज, सगळं त्याच्या वर असतं. म्हणून अकूस्टिक अ‍ॅम्पमध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांसाठीचा छोटा स्पीकर, असतो, किंवा तेवढं वर पोचणारे छोटे स्पीकर तरी असतात. ब्रिजखाली, म्हणजे तारा पेटीवर टेकतात तिथे, बसवलेला पीझो पिकअप आधीच मधल्या भागात बदकासारखा बोलतो. त्याला इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पमध्ये घातलं की तो बदकपणाच तेवढा उरतो. आणि गायचं कुठून? त्या अ‍ॅम्पला माइक लावायची जागाच नसते. आमच्याकडे दादाचा माइक वेगळ्या स्पीकरला जोडावा लागायचा, म्हणजे दोन ओझी.

तुम्ही गाता, त्यामुळे दोन चॅनेल हवेतच, एक गिटारला आणि एक माइकला. माइकच्या चॅनेलला एक्सएलआर जॅक (माइकच्या तीन पिनांच्या वायरचा) हवा आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागे रेंगाळणारा प्रतिध्वनी, दोघांना वेगवेगळा देता आला तर उत्तम, कारण गळ्याला जेवढा बरा वाटतो तेवढ्यात गिटार चिखलात जाते. साधा डायनॅमिक माइक असेल तर फँटम पॉवरचा विचारही करू नका, ती 48 व्होल्टची सोय कंडेन्सर माइकला लागते. ब्लूटूथ असलं तर त्यावरून साथीचा ट्रॅक वाजवा, गिटार मात्र ब्लूटूथवरून कधीच नको, छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल हातातून सुटतो.

‘पुढे मोठ्या जागी वाजवायचं झालं तर?’ हा दादाचा दुसरा हुकमाचा एक्का होता. त्यासाठी छोट्या अ‍ॅम्पच्या मागे डीआय आउट, म्हणजे आवाज थेट मिक्सरला देणारा जॅक, आहे का तेवढं बघा. मोठ्या हॉलमध्ये तिथली स्पीकरची व्यवस्था असतेच. डीआयमधून वायर त्यांच्या मिक्सरला द्यायची आणि आपला अ‍ॅम्प आपल्यालाच ऐकू येण्यासाठी ठेवायचा. मी असं कित्येकदा केलंय. अठरा किलो तिथेही लागले नाहीत.

वजनाबद्दल मी हट्टी आहे. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात अ‍ॅम्प घेऊन तुम्हाला न थांबता तीन जिने चढता आले पाहिजेत. दुकानात गेलात तर तो उचलून पाच मिनिटं तसेच उभे राहा, मग वाजवून बघा. माझ्या खांद्याला सात किलोच्या वर जमत नाही. जर्मन एईआर कंपनीचा कॉम्पॅक्ट 60 साडेसहा किलोत 60 वॅट देतो, म्हणजे ताकद हवी असली तरी वजन वाढलंच पाहिजे असं नाही. तो विजेवर चालतो, बॅटरीवर नाही, त्यामुळे तुमच्या कामाचा नसेल.

आता दादाच्या बाजूचंही सांगायला हवं. गेल्या वर्षी त्याच्याच घरी तो जुना अ‍ॅम्प काढून मी परत वाजवून पाहिला. कोपऱ्यात, जमिनीवर, माझ्या पाठीमागे ठेवला तर घूम लगेच आली. तोच अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून स्टुलावर, माझ्या पुढे एका बाजूला ठेवला तर बरीच कमी झाली. गिटारच्या भोकात रबरी झाकण बसवलं तर जवळपास गेलीच. म्हणजे सगळा दोष अ‍ॅम्पचा नव्हता, जागेचाही होता. जमीन आणि दोन भिंती जिथे मिळतात तिथे खर्ज फुगतो, आणि आम्ही दर कार्यक्रमाला त्याला तिथेच बसवत होतो. बसवायचा दादाच, वाटेत येतो म्हणून. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हॉल वेगळा होता." मी त्याच्या हातात गिटार दिली आणि अ‍ॅम्प पुन्हा कोपऱ्यात ठेवून म्हटलं, तूच वाजव, हवा तेवढा हलका वाजव. त्याने एका बोटाने ए तार छेडली. घूम आली. तो काही बोलला नाही, गिटार परत दिली. त्यानंतर जड हाताचा विषय त्याने काढलेला नाही, पण चूक झाली असंही तो म्हणालेला नाही.

तुम्हीही अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नका, स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, नाहीतर तोंड थोडं वर करून. वरचे सूर सरळ रेषेत जातात, जमिनीवरचा अ‍ॅम्प पहिल्या रांगेच्या गुडघ्यांना गाणं ऐकवतो.

साथीला ड्रम असतील तर वरचं 20-30 वॅटचं विसरा, 60 च्या खाली जाऊ नका. उघड्यावर वाजवणार असाल तरी थोडी जास्त ताकद बरी. तिथे भिंती आवाज परत देत नाहीत आणि अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात. फक्त घरी सराव करायचा असेल तर अ‍ॅम्पची गरजच नाही.

आणि नवा अ‍ॅम्प आणल्यावर आवाज फाटका यायला लागला तर तो परत करायला धावण्याआधी गिटारच्या प्रीअ‍ॅम्पमधली 9 व्होल्टची बॅटरी बदलून बघा. गिटारला वायर लावून ठेवली की ती वाजवली नाही तरी उतरत राहते. वाजवून झालं की वायर काढून ठेवत जा.