आंब्याचा दुधाळ चहा फाटू नये म्हणून

प्रश्न : कॅफेत मिळणारा फळांच्या चवीचा दुधाळ चहा माझ्या मुलीला फार आवडतो. घरी करून पाहावा म्हणून मी उकळत्या चहात दूध आणि हापूसचा रस घातला, तर पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे झाला. दूध सकाळचेच, ताजे होते. मग चुकले काय?
– एक वाचिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या दुधात खोट नव्हती आणि आंब्यातही नव्हती, त्या दोघांची गाठ चुलीवर पडली, एवढेच चुकले. ताज्या दुधाचा सामू (आंबटपणा मोजण्याचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ६.६ ते ६.८ असतो आणि तोवर केसिन हे दुधातले मुख्य प्रथिन बारीक कणांच्या रूपाने दुधात नीट पसरून राहते. आंबटपणा वाढत जाऊन सामू ४.६ च्या आसपास उतरला, की हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पाणी वेगळे होते. थंड दुधात असे व्हायला बराच आंबटपणा लागतो; दूध कढत असेल, तर मात्र त्याहून कमी आंबटपणातही ते फाटते. पनीर करताना आपण आधी दूध उकळतो आणि मगच लिंबू पिळतो, ते याचसाठी. पिकलेला हापूस जिभेला कितीही गोड लागला तरी त्यात आम्ल असतेच. साखर ते आम्ल झाकते, घालवत नाही. शिवाय चहातली तुरट द्रव्येही दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि चहा जितका जास्त उकळावा तितका हा तुरटपणा वाढतो.

दोन वर्षांपूर्वी मीही हेच करून बसले होते. चहा गाळून झाला होता, दूध त्यात मिसळले होते, आणि रस घातल्यावर प्रथम काहीच बिघडल्यासारखे वाटले नाही. पेल्यात ओतल्यावर मात्र काचेला आतून रव्यासारखे बारीक पांढरे कण चिकटलेले दिसले आणि मिनिटभरात खाली पिवळसर पाणी साचले. त्या दिवसापासून मी हा चहा थंडच करते. माझे स्पष्ट मत आहे, की आंबट-गोड फळांचा दुधाळ चहा गरम करण्याचा हट्ट धरूच नये.

आता कृती सांगते. दोन मोठ्या पेल्यांसाठी २५० मिलिलिटर पाणी खळखळून उकळावे, आच बंद करून त्यात तीन लहान चमचे साधी बारीक दाण्याची चहा पावडर घालावी आणि झाकण ठेवून चार मिनिटे थांबावे. नेहमीसारखा चहा आचेवर उकळत ठेवू नये, आणि गाळताना गाळणीतला चोथा चमच्याने दाबू नये, कारण सगळा कडवटपणा त्या शेवटच्या थेंबांत उतरतो. गाळलेला चहा आधी बाहेर निववून मग फ्रीजमध्ये पूर्ण गार करावा. पाव लिटर दूध मंद आचेवर आटवून मूळच्या पाऊणपट करावे, साय मोडावी आणि तेही गार करावे. बासुंदीइतके दाट नको, पण चहा आणि रस मिसळल्यावर पांचट लागणार नाही इतके हवे. एका मोठ्या हापूसचा रस चाळणीतून काढून त्यातला एक चमचा बाजूला ठेवावा. उरलेला रस दोन चमचे साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहावे. उलथने फिरवल्यावर मागे क्षणभर वाट राहू लागली, की रस झाला असे समजावे. आटवल्याने आंब्यातले पाणी कमी होते आणि चव दाट होते, परंतु ताज्या आंब्याचा वास थोडा उडतो. आटवलेला रस निवल्यावर बाजूला काढलेला चमचाभर ताजा रस त्यात मिसळला, की तो वास परत येतो.

मिसळण्याचा क्रम मात्र बदलू नये. पेल्यात तळाशी रस, त्यावर गार चहा, मग चांगले ढवळून एकजीव करणे, आणि सर्वांत शेवटी गार दूध बारीक धारेने. रसातले आम्ल आधी चहात विरून सौम्य होते, आणि दुधाला ते एकदम एका जागी लागत नाही. मिसळलेला चहा अर्ध्या तासाच्या आत प्यावा. करून ठेवायचा असेल तर तिन्ही वस्तू वेगवेगळ्या ठेवाव्यात. आपल्याकडे धारवाडकडचा हापूसही येतो, तो याला उत्तम. पायरीचा रस चवीला छान, पण अधिक आंबटसर असतो, म्हणून तो घेतल्यास रस थोडा कमी घालावा.

प्रश्न : आमच्या परसात फणस, चिकू आणि सीताफळ आहे. आंब्याऐवजी यांतले काय चालेल? बाजारात अननस आणि स्ट्रॉबेरी दिसते, ती घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्याला बाजारात जाण्याची गरजच नाही. आपण लिहिलेली तिन्ही फळे कमी आंबट आहेत आणि दुधाशी त्यांचे चांगले जमते. फणस बरका असेल तर फारच उत्तम. गरे चाळणीवर हाताने घोळले, की रस खाली येतो आणि दोरे वर राहतात. फणसपोळीसाठी आपल्याकडे काढतात तसाच हा रस काढावा. काप्याचे गरे मिक्सरमधून काढावे लागतात आणि तरीही थोडा रवाळपणा राहतो. फणसाचा वास जबर असतो, तेव्हा आंब्याच्या निम्माच रस घालावा आणि चहा नेहमीपेक्षा कडक करावा, नाहीतर चहाचा पत्ताच लागत नाही. चिकू पूर्ण पिकलेलाच हवा. अर्धाकच्चा चिकू घशाला चिकटतो आणि चहाचा तुरटपणा त्यात भर घालतो. कोमट चहा प्यायचाच असेल, तर तो चिकूचा करून पाहावा.

सीताफळाबाबत एक खबरदारी घ्यावी : त्याचा गर आचेवर कधीही ठेवू नये. तापवल्यावर तो कडू होतो, आणि हा कडूपणा साखरेने जात नाही. सीताफळाची बासुंदी करताना गर बासुंदी थंड झाल्यावर घालतात, तोच नियम इथेही पाळावा.

शिरसी-बनवासीकडचा अननस गोड असला तरी त्यात ब्रोमेलेन नावाचा घटक असतो, जो दुधातली प्रथिने तोडतो. त्यामुळे कच्चा अननस दुधात पडला, की थोड्या वेळाने दूध कडू लागते, मग ते थंड का असेना. साखर घालून अननसाच्या फोडी चांगल्या शिजवल्या म्हणजे हा घटक निकामी होतो, परंतु आंबटपणा उरतोच. म्हणून शिजवून, गार करून, थोडाच घालावा. पपई आणि किवीतही असेच घटक असतात. स्ट्रॉबेरीही बरीच आंबट. तिचा मुरांब्यासारखा पाक करून बिनदुधाच्या चहात घातला, तर तो मला अधिक आवडतो.

प्रश्न : आमचा भाग उसाचा, घरात साखरेपेक्षा गूळ जास्त. या चहात गूळ चालेल का?
– एक वाचिका, रायबाग

उत्तर : अवश्य चालेल, आणि कसा घालावा हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. गुळाच्या चहात उकळत्या दुधात गूळ टाकला तर चहा फाटतो, म्हणून आपण गूळ पाण्यात विरघळवून घेतो आणि दूध शेवटी घालतो. इथेही गुळाचा पाक वेगळा करून, गाळून, गार करून चहात घालावा. फणसाला आणि चिकूला गूळ शोभतो. आंब्याचा रंग मात्र त्याने काळवंडतो.

प्रश्न : दूध आणि फळ एकत्र घेणे आयुर्वेदात वर्ज्य आहे असे घरातले वडीलधारे सांगतात. मग हा चहा द्यावा का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आंबट फळे आणि दूध यांना आयुर्वेद विरुद्ध आहार मानतो, हे खरे आहे. केळ्याचे शिकरण मात्र आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. आपल्या घरी हा नियम पाळत असतील, तर वडीलधाऱ्यांचे मन मोडू नये. त्यांच्यासाठी बिनदुधाच्या गार चहात फळाचा पाक घालून द्यावा. तो मुळीच कमी प्रतीचा लागत नाही.

प्रश्न : कॅफेतल्या चहात तळाशी काळे, चिवट गोळे असतात. ते घरी साबुदाण्याचे होतील का?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : होतील, कारण वस्तू मुळात एकच आहे. हा गोळ्यांचा चहा १९८० च्या दशकात तैवानमध्ये रूढ झाला. ते गोळे टॅपिओका कंदाच्या पिठाचे असतात आणि तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. फरक एवढाच, की कॅफेतले गोळे मोठे असतात आणि पिठात काळा गूळ मळलेला असतो. मोठ्या दाण्याचा साबुदाणा घ्यावा आणि खिचडीसारखा भिजवू नये. एका वाटीला सहा ते आठ वाट्या पाणी खळखळ उकळून त्यात तो सोडावा आणि मधूनमधून ढवळत राहावे. दाण्याच्या मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका उरला, की आच बंद करून झाकण ठेवावे. दहा मिनिटांत तो ठिपकाही जातो. मग चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुवावा, म्हणजे वरचा चिकट थर निघून दाणे सुटे होतात, आणि लगेच गुळाच्या दाट पाकात टाकावा. फ्रीजमध्ये ठेवल्यास हे दाणे आतून कडक होतात, तेव्हा तीन-चार तासांत संपतील इतकेच करावेत, आणि पेल्यात रसाच्याही आधी, अगदी तळाशी घालावेत.