आपले वृत्तपत्र कोणाच्या बाजूचे?

प्रश्न : आमच्या घरी दोन मराठी दैनिके येतात. एकाच मोर्चाची बातमी एकात पहिल्या पानावर छायाचित्रासह, तर दुसऱ्यात आतल्या पानावर चार ओळींत असते. तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या कात्रणांवरून रोज वाद जुंपतो आणि जो तो दुसऱ्याचे वृत्तपत्र विकले गेल्याचे सांगतो. वृत्तपत्राला राजकीय बाजू असणे हाच दोष मानावा काय? पक्षपात ओळखावा कसा?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : बाजू असणे हा दोष नव्हे. अग्रलेख ही मत मांडण्याचीच जागा आहे आणि ते मत आपल्याला पटले नाही, एवढ्याने वृत्तपत्र अप्रामाणिक ठरत नाही. प्रश्न उभा राहतो तो ती बाजू बातमीत उतरते तेव्हा, आणि यासाठी आपल्याच कोल्हापूरचे बर्वे प्रकरण आठवावे. छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा संस्थानात छळ होत असल्याच्या बातम्यांनी अस्वस्थ झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, परंतु ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी महाराजांचा अहमदनगर येथे नजरकैदेत झालेला अंत पाहता ती अनाठायीही नव्हती. तरीही आपल्या बाजूला सोयीचा कागद हाती आला की तो पारखण्याची सावधगिरी कमी पडते, हे एवढ्या मोठ्या माणसांच्या बाबतीतही घडले. आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या कात्रणांना हीच कसोटी लावावी आणि जे कात्रण वाचून आपल्याला विशेष आनंद होतो, त्याची तारीख, पान व पूर्ण मजकूर सर्वांत आधी मागावा.

छापलेल्या मजकुरापेक्षा न छापलेला मजकूर ओळखणे अवघड असते. 1920 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या आर्थिक साहाय्याने डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने घेतली नाही. ज्यांचा आवाजच पानावर येऊ दिला जात नाही, त्यांच्यावरील अन्याय कोणत्याही जहाल अग्रलेखाहून मोठा आहे, असे मला वाटते.

मोर्चाच्या बातमीविषयी मात्र घाई करू नये. बातमी किती वाजता आली, त्या दिवशी जाहिराती किती होत्या, पान कोणत्या आवृत्तीचे होते, यावरही जागा ठरते. म्हणून एका दिवसाच्या अंकावरून काहीच सिद्ध होत नाही. तेच दैनिक काही आठवडे समोर ठेवून, दोन विरोधी पक्षांच्या सारख्याच आकाराच्या मोर्चांना त्याने कोणते पान दिले, मथळ्यात एकाच्या वाट्याला ‘आरोप’ आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘गौप्यस्फोट’ आला काय, ज्याच्यावर आरोप झाला त्याचे म्हणणे त्याच बातमीत आहे काय, हे पाहावे. निवडणुकीच्या काळात आणखी एक गोष्ट तपासावी. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत उमेदवाराची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा आला होता, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. वाचकाची फसवणूक खरी तिथे होते, कारण जाहिरात बातमीचा वेश घेऊन येते आणि त्यामागचे पैसे दिसत नाहीत.

चुकीची वा एकांगी बातमी आढळल्यास ग्रुपवर ओरड करण्याऐवजी प्रथम संपादकांना लेखी पत्र पाठवावे व त्याची प्रत जपून ठेवावी. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही, परंतु ती वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते आणि त्याची निर्भर्त्सना करू शकते.