फ्रेमचा रंग टिकवायचा तर

वडिलांची जुनी स्टीलची सायकल रोज वापरायला काढतोय. पावडर कोटिंग करू की स्प्रे पेंट? – एक वाचक, सिडको

आधी एक सांगा, नळ्यांवरच्या सोनेरी रेघा अजून शाबूत आहेत का? असतील तर माझं मन रंगवायला तयार होत नाही. जुना रंग काढायला वाळूचा मारा करतात, त्या सॅन्डब्लास्टिंगमध्ये त्या कायमच्या जातील. गंजाचे डाग तेवढे घासा, टचअप करा, वर वॅक्स लावा.

रेघा गेल्याच असतील तर पावडर कोटिंग करा. पूड विजेच्या भाराने फ्रेमला चिकटते आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून सलग थर होतो. स्टँडमध्ये दुसरी सायकल घासली तरी त्याचा टवका सहसा उडत नाही. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत हे काम होतं, पण तिथला हात ग्रिल आणि पॅनेलवर बसलेला असतो. सायकलच्या नळ्या पातळ असतात, म्हणून ब्लास्टिंग हलक्या दाबाने करायला सांगा. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथले आटे बुजवूनच फ्रेम द्या, नाहीतर रंग आट्यांत बसतो आणि आटे साफ करायला पुन्हा टॅप फिरवावा लागतो. हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्याही काढून घ्या. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. पावसाळ्यात उघडं स्टील काही तासांत तांबूस पडतं आणि त्यावर चढवलेला रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. रंग लवकर गेला तर लोक पावडरला दोष देतात, पण बहुतेक वेळा घोळ या खालच्या कामात झालेला असतो.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा रंग काढून आरशासारखी चमकवायची आहे. वर लॅकर मारू का? – एक वाचक, गंगापूर रोड

लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, नको. गुळगुळीत धातूवर त्याची पकड बसत नाही. एक ओरखडा पडला की तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली अळीने वाट काढावी तशा बारीक रेषा पसरत जातात. ४००, ८००, १२०० नंबरच्या वॉटर पेपरने क्रमाने घासा, मग बफ मारा आणि धातू उघडाच ठेवून वॅक्स लावा. चमक मंदावेल, अधूनमधून पॉलिश करावंच लागेल. तेवढी हौस नसेल तर रंगच बरा. जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. वेल्डवर ग्राइंडरही चालवू नका. सांधा सपाट दिसेल, पण कमजोर होईल.

कार्बन फ्रेमला पावडर कोटिंग होतं का? – एक वाचक, इंदिरानगर

नाही. भट्टीच्या उष्णतेने कार्बनचे तंतू धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं. पेंट रिमूव्हरही नको. वरचा थर हलका घासून हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा (टू-के) रंग जाणकाराकडून मारून घ्या. घरी बंद खोलीत मारू नका, त्याच्या वाफांना साधा मास्क अडवत नाही.

द्राक्षबागेच्या शेडमध्ये सायकल ठेवतो. नव्या रंगावरही डाग पडले. कोणता रंग टिकेल? – एक वाचक, दिंडोरी

शेडमध्ये मोरचुदाच्या गोण्या किंवा बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा) पंप असेल तर रंग बदलून उपयोग नाही. तांब्याचे क्षार ओरखड्यातून स्टीलला भिडले की तिथलं लोखंड झिजू लागतं. ॲल्युमिनियमचीही तीच गत. सायकल आधी दुसरीकडे हलवा, साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा आणि ओरखडे प्रायमर लावून बुजवा. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढून फ्रेम उलटी करून बघा. आतून तांबूस पाणी आलं तर नळ्या पूर्ण सुकवून आत गंजरोधक तेल फवारा.