तुमचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं : खिशातला चाकू

प्रश्न : घनसावंगीकडे आमची तीन एकर मोसंबी आहे. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, सुतळी, झाडाची वाळकी काडी, सगळं मी खिशातल्या घडीच्या चाकूनंच कापते. वर्षभरात तीन चाकू गेले. एकाचं पातं डुगडुगायला लागलं, दुसऱ्याची धार दोन दिवस टिकेना, तिसरा काम करताना बोटावर मिटला. सहाशे रुपयांपर्यंत जमेल. काय बघून घ्यावा?
– एक वाचक भगिनी, जि. जालना

उत्तर : ताई, तिन्ही तक्रारींत मला बोटाची सगळ्यात मोठी वाटते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

माझ्या तर्जनीवर अशीच एक खूण आहे. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते दिवस. अंबाजोगाई तालुक्यात आम्ही बोअरमधल्या मोटारी वर काढून आणखी खाली सोडत होतो, दिवसाला तीन-तीन. रात्री बॅटरीच्या उजेडात केबलचा जुना जॉइंट सोडवत होतो. टेप निघेना, म्हणून चाकूचं टोक आत दाबलं आणि पातं मिटलं. चार टाके पडले. त्या चाकूला लॉकच नव्हतं, पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहायचं. असा चाकू ओढून कापायला चांगला, फळाला, सुतळीला. टोक दाबायचं काम असेल तर तो हातात घेऊच नये.

तेव्हा लॉक असलेलाच घ्या. दुकानात चाकू उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ गल्ल्याच्या लाकडावर हलक्या हातानं दोन-तीनदा आपटा. लॉक सुटलं तर तो चाकू तिथंच परत करा. आतली पट्टी सरकून पात्यामागं बसते ते लॉक सगळीकडं मिळतं. ती पट्टी पात्याच्या बुडाशी नुसती टेकलेली नको, चांगली आत आलेली हवी. ओपिनेल नावाचा फ्रान्सचा चाकू आहे, 1890 पासूनचा. त्याच्या गळ्याशी फिरवायची लोखंडी कडी 1955 मध्ये आली आणि ती मला फार आवडते, कारण ती फिरवली की पातं अडकलं, शंका उरत नाही. पण त्याचा दांडा लाकडाचा, भिजला की फुगतो आणि पातं जाम होतं. ठिबकच्या चिखलपाण्यात तुम्हाला दुसरा बघावा लागेल.

आता डुगडुगणं. घडीच्या चाकूचा सगळा ताण पातं जिथं फिरतं त्या खिळ्यावर येतो. तिथं ठोकलेलं रिपीट (रिव्हेट) असेल तर एकदा सैल झालं की झालं. स्क्रू असेल तर घरी आवळता येतो. मी स्क्रूचाच घेतो आणि सगळ्यांना तोच सांगतो. पातं उघडून डावी-उजवीकडं हलवून बघा. नव्या चाकूत जरा जरी हललं तर सहा महिन्यांनी काय होईल ते तुम्ही अनुभवलंच आहे. आणि चाकूनं काही उचकटू नका. डब्याचं झाकण, पाइपाची क्लिप, यासाठी जुना स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा. मी पाहिलेल्या मोडक्या चाकवांपैकी बहुतेक उचकटण्यात गेले.

धारेचं मात्र नीट समजून घ्या, कारण दुकानदार इथंच फसवतो. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. काही स्वस्त चाकवांवर बारीक अक्षरात 3सीआर13 किंवा 8सीआर13 असं असतं. पहिला आकडा कार्बनचा: 3 म्हणजे साधारण 0.3 टक्के, 8 म्हणजे 0.8 टक्के. मागचा 13 क्रोमियमचा, गंज थोपवणारा. कार्बन कमी म्हणजे पातं मऊ आणि धार लवकर जाणारी. आठवाला मिळाला तर तोच घ्या, तुमच्या पैशात तो मिळू शकतो. जाताना जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन जा. ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून एकदम गार केलं तरी ते कडक होत नाही. चिकटलं म्हणजे चांगलं असंही नाही. घरी आणल्यावर मुठीजवळ, धारेच्या मागच्या टोकाला कानशीचा कोपरा हळूच फिरवा. कानस घसरली तर पाणी बरोबर बसलंय. रुतली तर पातं कच्चं आहे.

पातं तीन इंचांचं पुरे. पाठ अडीच ते तीन मिलिमीटर जाड असावी. त्याहून जाड पातं 16 मिलिमीटरच्या नळीत सरळ जात नाही, नळी तिरकी फाटते आणि जोडणीतून पाणी गळतं.

चांगल्या पात्याचीही धार जाणार. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड घ्या, एक बाजू खरबरीत, एक बारीक. कोन किती धरायचा म्हणाल तर कागदाचा काटकोनी कोपरा मधोमध दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. उरलेला कोन साधारण साडेबावीस अंशांचा, कष्टाच्या कामाला अगदी योग्य. तो दगडावर ठेवून पातं त्याला टेकवून बघा, हाताला सवय होते. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला लागेल अशी बारीक कड आली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढा. आठवड्याला दहा मिनिटं लागतात. काळ्या मातीचा कण खिळ्यात गेला की पातं करकरतं. तेव्हा ब्रशनं धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

प्रश्न : वडिलांचा जुना पोलादी चाकू काळा पडला आहे. धारवाल्याकडून ग्राइंडरवर चकचकीत करून घेऊ का?
– एक वाचक, कंधार

उत्तर : नको, दादा. साध्या पोलादावर फळांच्या रसानं, रोजच्या वापरानं काळसर थर चढतो. त्या थरानं तांबडा गंज जरा दूर राहतो. गंजाचे ठिपके असतील तेवढेच बारीक पॉलिश पेपर आणि तेलानं काढा. धार दगडावरच लावा. ग्राइंडरशिवाय इलाज नसेल तर धारवाल्याशेजारी उभं राहा. दर घासणीनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगा आणि बोटाला चटका बसेल इतकं तापू देऊ नका. धारेवर निळा रंग दिसला तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तो भाग पुढं घासून काढेपर्यंत धार धरणार नाही.