अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये गरीब मुलांची मोफत शिकवणी कशी चालते?

तुमचा प्रश्न असा की, बीडमध्ये तुमच्या संस्थेला गरीब मुलांसाठी मोफत शिकवणी सुरू करायची आहे. अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्ट हे काम कसं करतात, आणि त्यातलं काय घेण्यासारखं आहे? मी न्यू जर्सीतल्या एका डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात हे काम २००६ ते २०१२ अशी सहा वर्षं सांभाळलं, आणि कोविडनंतर पुन्हा तीन वर्षं. या सगळ्या काळात प्रत्यक्ष शिकवलं फार थोडं. दिवस गेले ते पत्रं, बस आणि हजेरीपट यांत.

आधी एक गोष्ट. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. शाळा चालवण्यापुरती ती वेगळी स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ असतं आणि घरपट्टीतला मोठा वाटा तिच्याकडे जातो. एवढ्याशा न्यू जर्सीत असे पाचशेहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे काही ठिकाणी एका गावाएवढा एक. त्यामुळे पैसेवाल्या गावाची शाळा आणि शेजारच्या गरीब गावाची शाळा यांत जमीनअस्मानाचं अंतर पडतं. ते थोडं तरी भरून निघावं म्हणून केंद्र सरकार १९६५ पासून 'टायटल वन' नावाखाली गरीब मुलांच्या शाळांना जादा पैसे देतं.

जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला आणि या पैशाला मोफत शिकवणीची अट जोडली गेली. टायटल वनच्या शाळेचं परीक्षेतलं लक्ष्य तिसऱ्या वर्षीही चुकलं, की तिथल्या गरीब मुलांना शाळा सुटल्यावर मोफत शिकवणी द्यायची. गरीब कोण, हे बहुतेक ठिकाणी दुपारच्या सवलतीच्या जेवणाच्या फॉर्मवरून ठरायचं. शिकवणार कोण, हे पालकांनी ठरवायचं, राज्याने मान्य केलेल्या यादीतून. त्या यादीत खाजगी कंपन्या होत्या, सेवाभावी संस्था होत्या, चर्चही होती. ज्या डिस्ट्रिक्टवर स्वतःच 'सुधारणा हवी' असा शिक्का बसलाय, त्याला मात्र शिकवायला मनाई. (शिकागोने भांडून २००५ मध्ये सूट मिळवली, ते वेगळं.) आम्ही फक्त करार करायचे, पत्रं पाठवायची आणि बिलं भागवायची.

खरी मेख पैशात होती. टायटल वनच्या रकमेच्या वीस टक्क्यांइतके पैसे या शिकवणीसाठी आणि अशी शाळा सोडून दुसरीकडे जाणाऱ्या मुलांच्या प्रवासखर्चासाठी बाजूला ठेवायचे. पण मुलं कमी आली तर उरलेले पैसे डिस्ट्रिक्टला आपल्या दुसऱ्या कामांना वापरता यायचे. म्हणजे पालकांना गेलेलं पत्र जितकं अवघड, तितके पैसे घरात. आमच्याकडे कुणी मुद्दाम अवघड पत्र लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण सोपं लिहायची घाईही कुणाला नव्हती, आणि पहिल्या वर्षी मलाही नव्हती.

ते पहिलं पत्र तीन पानी होतं. सुरुवातच 'तुमच्या मुलाच्या शाळेला सुधारणेची गरज आहे' अशी. आयांना वाटलं, पोरगं नापास झालं. काहींना वाटलं, सही केली तर कागद कुठल्यातरी सरकारी खात्यात जातील, आणि घरात कुणाकडे तरी अमेरिकेत राहायची कागदपत्रं नसायचीच. शाळेत यायला मुलाला कागदपत्रं लागत नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे आणि आम्ही ते विचारतही नाही, हे मी किती जणींना फोनवर सांगितलं असेल! दुसऱ्या वर्षी वकिलाशी वाद घालून पहिलं पान बदललं. वर ठळक अक्षरांत स्पॅनिशमध्ये दोनच शब्द, 'तुतोरिआ ग्रातिस', म्हणजे मोफत शिकवणी. खाली दिवस, वेळ, बस आहे की नाही. कायद्याची भाषा मागच्या पानांवर ढकलली. फॉर्म भराभर यायला लागले. मी खूश. ती खुशी दिवाळीपर्यंतही टिकली नाही.

कारण नाव नोंदवणं वेगळं आणि येऊन बसणं वेगळं. पटावर मुलं भरपूर, खुर्च्या रिकाम्या. शाळा तीनला सुटते. मुलं तेव्हा भुकेली असतात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. सातवीतल्या मुलीला धाकट्या भावाला बसवरून उतरवून घ्यायचं असतं, कारण आई दुसऱ्या पाळीला गेलेली. शिवाय आणखी एक गोष्ट, जी आम्हाला मुलांनीच शिकवली. सवलतीच्या जेवणाच्या फॉर्मवरून निवड होत असल्यामुळे त्या वर्गाकडे वळणारं मूल म्हणजे गरीब, हे सगळ्या शाळेला न सांगता कळायचं. फॉर्मवरची माहिती आम्ही कुलूपबंद ठेवायचो, आणि तीच माहिती रोज तीन वाजता व्हरांड्यात उघडी पडायची. मोठी मुलं त्यामुळेच गळायची, कंटाळून नव्हे.

आम्ही दोन गोष्टी केल्या. तीन वाजता आधी खाऊ, मग पुस्तक. आणि उशिराची बस. या दोन गोष्टींनी जी उपस्थिती वाढली, ती कुठल्याही कंपनीच्या रंगीत वह्यांनी वाढली नाही. बसचे पैसे मिळवायला मला आठ महिने लागले, त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

आता बिलं. दर मुलामागे मर्यादा ठरलेली असायची, पण तासाचा दर प्रत्येक कंपनीचा आपापला. समजा मर्यादा पंधराशे डॉलरची आहे. तासाला पन्नास घेणाऱ्याकडे मुलाला तीस तास मिळतात, पंचाहत्तर घेणाऱ्याकडे वीस. पालकांना हा हिशोब कुणी सांगत नव्हतं. त्यांना दिसायचं ते माहितीपत्रकावरचं हसरं मूल. आणि पैसे द्यायचे ते हजेरीच्या कागदावर. एकदा एका कंपनीचे महिन्याचे कागद तपासत बसले होते. सगळ्या मुलांच्या सह्या एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाच्या. त्यात एक तारीख अशी, की त्या दिवशी बर्फामुळे शाळाच बंद होती! कागदावर मात्र बारा मुलं येऊन शिकून गेलेली. बिल थांबवलं, राज्याला कळवलं. पुढे २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात शाळांच्या पटावरची खोटी मुलं शोधायला पटपडताळणी झाली, तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "तुझं तिथलं काम इकडे सगळा महसूल विभाग करतोय."

फेब्रुवारी २०१२ मध्ये ज्या पहिल्या राज्यांना त्या कायद्यातून सूट मिळाली त्यांत न्यू जर्सी होतं, आणि आमच्याकडचा तो प्रकार संपला. डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा आला आणि देशभरातूनच ती सक्ती गेली.

दुसरी खेप कोविडनंतरची. मार्च २०२१ च्या कायद्याने शाळांसाठी सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले, आणि डिस्ट्रिक्टला मिळालेल्या रकमेतले किमान वीस टक्के बुडालेला अभ्यास भरून काढायला वापरायचे, अशी अट घातली. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. शिकवणी शाळेच्या वेळातच. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, तीन-चार मुलांचा गट, वर्षभर शिकवणारी व्यक्ती तीच. निवड जेवणाच्या फॉर्मवरून नाही, तर वाचता येतं की नाही यावरून, त्यामुळे गरिबीचा शिक्काही नाही. बस नको, खाऊ नको, अंधार नाही. भांडण फक्त वेळापत्रकाचं. संगीताच्या तासातून मुलं काढली तर संगीताच्या बाई रागावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. ते पैसे सप्टेंबर २०२४ पर्यंतच कामाला लावता येणार होते. तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असूनही कित्येकांनी पुढची सोय केली नव्हती. आमच्याकडच्या शिकवणाऱ्यांपैकी निम्म्या जणी त्या वर्षी घरी बसल्या.

आता तुमचं बीड. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यामुळे तुमचं वर्ष जूनला सुरू करा आणि ऑक्टोबरपर्यंत जेवढं शिकवता येईल तेवढं उरका. गट इयत्तेप्रमाणे नव्हे, मूल आज काय वाचतं त्याप्रमाणे करा. हे शिकायला अमेरिकेपर्यंत यायची गरज नाही, मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने तेच काम वर्षानुवर्षं केलंय. झेडपीच्या गुरुजींना पैसे देऊन शिकवणी घ्यायला लावायचा विचार असेल, तर आधी शिक्षणहक्क कायद्याचं कलम २८ वाचा. त्यात शिक्षकांना खाजगी शिकवणीला बंदी आहे. गावातली बारावी झालेली मुलगी नेमा, मुलं तिच्याकडे जास्त मोकळी होतात.

आणि देणगीदार विचारतील, किती मुलांची नोंदणी झाली? तो आकडा पत्रकात छापू नका. दर मुलाने प्रत्यक्ष किती तास बसून काढले, तेवढं एक रजिस्टर ठेवा, आणि महिन्यातून एकदा न सांगता वर्गावर जाऊन ते मुलांशी ताडून बघा. सह्या एकाच शाईत दिसल्या की चहा न घेता परत या.